डबा उलटा करताना

आमच्या घरात पैसे लावून कधी कुणी पत्ते खेळलं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या सासूबाईंना, विजयमालाबाईंना. दिवाळी आली की अख्खी दिल्ली तीन पत्ती खेळते. सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये तर धनत्रयोदशीपासूनच सतरंज्या पडायच्या. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तीन पत्तीचा तिटकारा. तीन पानांत माणूस डोकं चालवणार कुठे, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या एका तमिळ स्टेनोग्राफरने त्यांना एकाहत्तर साली पाच पानांचा पोकर शिकवला आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमच्याकडे पोकर सुरू झाला. पहिल्याच रविवारी सासूबाईंनी सांगून टाकलं की पैसे लावायचे असतील तर गेटबाहेर फुटपाथवर बसा. मग त्यांनीच शिवणाचं सामान काढलं आणि सगळ्यांना बटणं वाटली.

ती बटणं आजही आहेत. शर्टाचं पांढरं बटण एकाचं, कोटाचं तपकिरी बटण पाचाचं. प्रत्येकाचा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, आणि दर रविवारी खेळाआधी सगळी बटणं एकत्र करून पुन्हा सारखी वाटायची. फक्त एक पितळी बटण त्या वाटणीत येत नाही. ते विश्वासच्या शाळेच्या ब्लेझरचं. विश्वास माझा नवरा. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली; एक्केचाळिसाव्या वर्षी, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. ते बटण तेव्हापासून माझ्या डब्याच्या तळाशी असतं आणि मी ते कधी लावलेलं नाही.

खेळाचे नियमही सासूबाईंचेच. पहिला नियम, जो त्या दिवसापुरता बाद होईल त्याने उठून सगळ्यांसाठी चहा करायचा. दुसरा नियम जरा जड आहे. एखाद्याने आपला डबा उलटा केला, म्हणजे होती नव्हती ती सगळी बटणं एका डावावर लावली, आणि समोरच्यानेही त्याला उत्तर म्हणून आपला डबा उलटा केला, तर जिंकणाऱ्याने हरणाऱ्याकडे एक गोष्ट मागायची. हरणाऱ्याने नाही म्हणायचं नाही. समोरच्याने घाबरून पानं टाकली तर काही नाही, थोडी बटणं जातात आणि खेळ पुढे चालू.

या नियमावर सासूबाईंनी शिवणयंत्र मिळवलं. आणि याच नियमावर माझं लग्न झालं. मी मंडळाच्या गणेशोत्सवात अण्णांशी प्रसादाच्या रांगेवरून भांडले होते. ते रांग मोडून पुढे आले होते आणि मी तेव्हाही कुणाचं वय बघून भांडत नसे. ही मुलगी या घरात येणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात विश्वासने डबा उलटा केला, अण्णांनीही केला, आणि विश्वास जिंकला. सासूबाई सांगायच्या, अण्णा तसेच उठून माझ्या वडिलांच्या घरी जायला निघाले, त्याच पायजम्यावर. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी स्वतः मात्र या नियमाचा कधी फायदा घेतला नाही. दोनदा जिंकले, आणि दोन्ही वेळा बेसनाचे लाडू मागितले.

आता घरात आम्ही दोघंच. सासूबाई विश्वासच्या आधी गेल्या, आम्हाला मूलबाळ नाही. अण्णा शहात्तर वर्षांचे, मी एकोणपन्नास. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, क्वार्टर माझ्या नावावर आहे. सासरे आणि सून असे दोघंच राहतात म्हटल्यावर लोक सहानुभूतीचा चेहरा करतात, त्याची मला फार चीड येते. आम्ही सुखाने भांडतो. पोळी कडक झाली म्हणून भांडतो, टीव्हीच्या आवाजावरून भांडतो, आणि विश्वासला लहानपणी गोवर आला तेव्हा तो चार वर्षांचा होता की पाच, यावरून तर नऊ वर्षं भांडतोय. माझ्याइतकीच त्याची आठवण काढणारा आणखी एकच माणूस या जगात आहे, आणि तो रोज सकाळी माझ्यासमोर बसून आवाज करत चहा पितो. मला ते हवं असतं.

रविवारच्या खेळाला तिसरा भिडू गुणवंत. ऑफिसात माझ्याच मजल्यावर दुसऱ्या सेक्शनमध्ये, मूळ अमरावतीचे, वय बावन्न. धाकट्या भावंडांचं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलं. नोएडाला त्यांचा फ्लॅट आहे. तिथून मेट्रोने, आयएनए स्टेशनवरून रिक्षाने, पाच वर्षं दर रविवारी न चुकता येतात. पत्ते इतके वाईट खेळतात की बघवत नाही. चांगलं पान आलं की कान लाल होतात. त्यामुळे ते सगळ्यात आधी बाद होतात आणि उठून स्वयंपाकघरात जातात. आलं कुठल्या टोपलीत, अण्णांची बिनसाखरेची गोळी कुठल्या डबीत, त्यांना सगळं ठाऊक. हा माणूस पत्ते खेळायला येतो की चहा करायला, असं अण्णा दर रविवारी विचारायचे.

तो कशाला येतो हे मे महिन्यात कळलं. कँटीनच्या बाहेर, हातात फाइल धरून, त्यांनी मला लग्नाचं विचारलं. अगदी सरळ. अण्णासाहेब आपल्याबरोबर नोएडालाच राहतील, त्यांची खोली मी बघून ठेवली आहे, सकाळचं ऊन येतं, हेही त्याच वाक्यात सांगून टाकलं. मी म्हटलं विचार करून सांगते. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं, मला ते आवडत होते. कान लाल होणाऱ्या माणसाबरोबर निदान खोटेपणाची भीती नसते.

मी त्याच संध्याकाळी अण्णांना सांगितलं. त्यांना आनंद झाला, खरा आनंद. म्हणाले, फार उत्तम, लगेच कर. आणि पुढच्याच श्वासात म्हणाले की मी साताऱ्याला भालचंद्राकडे जातो. भालचंद्र त्यांचा पुतण्या, माणूस चांगला, वर्षाला एक फोन. अण्णांनी सातारा सोडलं चौसष्ट साली. झोपेतसुद्धा ते हिंदीत भाजीवाल्याशी घासाघीस करतात. मी म्हटलं नोएडाला खोली आहे, गुणवंतांनी स्वतः सांगितलंय. तर त्यांनी विचारलं, "कोण म्हणून राहू तिथे? सुनेच्या नवऱ्याच्या घरी?"

मी चिडले. ते चिडले. आठ महिने विषय तिथेच राहिला. मी गुणवंतांना हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना, आणि ते बिचारे दर रविवारी येऊन चहा करत राहिले.

मग आमचा ब्लॉक पाडायची नोटीस आली. जुनी क्वार्टर्स पाडून उंच इमारती बांधणार होते. मार्चअखेर जागा सोडायची. वरच्या मजल्यावरची पद्मजा, आमची चौथी भिडू, जानेवारीतच दिल्लीतल्याच द्वारकेला गेली. मला ऑफिसने एक फॉर्म दिला: दुसरीकडे क्वार्टर हवं असेल तर सोबत राहणाऱ्यांची नावं भरा, नको असेल तर तसं लिहा. शेवटची तारीख सोमवार. मी अण्णांचं नाव पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. दुसरं क्वार्टर घ्यायचं, दोघांनी तिथे जायचं, आहे तसं चालू ठेवायचं. त्यात कुणाला काही मागावं लागत नव्हतं आणि कुणाला काही सोडावं लागत नव्हतं. गुणवंत सोडून.

हे सांगितलं कारण त्या रविवारी मी जे केलं ते पानांकडे बघून केलं असं कुणाला वाटायला नको.

फेब्रुवारीचा पहिला रविवार. मागच्या अंगणात छान ऊन होतं, म्हणून खाट बाहेर काढली होती. गुणवंत साडेअकरालाच बाद झाले. तीन गुलाम घेऊन बसले होते आणि कान पार रिक्षाच्या मागच्या दिव्यासारखे झाले होते, मग कोण त्यांच्यासमोर बटणं लावणार? आम्ही काही लावेनाच, शेवटी पुढच्या डावात कंटाळून त्यांनीच उरलेली बटणं एका जोडीवर घालवली आणि आत गेले. स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडते. आलं ठेचल्याचा आवाज येऊ लागला.

मी पत्ते पिसले, मीच वाटले. अण्णांनी आपली पाच पानं उचलली, लावली, आणि उशीवर रेलून बसले. माझ्या हातात तीन राण्या होत्या. बाकी दोन पानं कचरा. पाच पानांच्या पोकरमध्ये एकदा पानं बदलता येतात. अण्णांनी आधी एक तपकिरी बटण सारलं, मीही सारलं. मग मी कचरा टाकून दोन नवी पानं घेतली. दोन्ही सत्त्या. तीन राण्या आणि दोन सत्त्या, म्हणजे फुल हाउस. वर्षातून दोनदा आलं तर नशीब.

अण्णांनी एकच पान बदललं.

मी चेहरा शक्य तितका कंटाळलेला ठेवला आणि दोन तपकिरी बटणं लावली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग पानांकडे, आणि मग आपला डबा उचलून खाटेवर उलटा केला.

हे या हिवाळ्यात तिसऱ्यांदा होत होतं. नोव्हेंबरात एकदा केला, नाताळच्या रविवारी एकदा. दोन्ही वेळा मी पानं टाकली. नाताळला तर माझ्याकडे पाचही पानं बदामाची होती. टाकलेली पानं त्यांनी हक्काने उलटी करून पाहिली आणि म्हणाले की एवढी चांगली पानं धरून जी नुसती बसून राहते तिने खेळूच नये, स्वयंपाकघरात जाऊन चहा करावा. मीही ऐकून घेतलं नाही. पण मी पानं का टाकली हे त्यांना कळलंय असं मला वाटत होतं, आणि ते डबा का उलटा करतायत हे तर मला स्वच्छ दिसत होतं. ते जिंकले की एकच गोष्ट मागणार: गुणवंतशी लग्न कर आणि मला साताऱ्याच्या गाडीत बसव. आणि या घरात नाही म्हणायचं नाही. ज्या माणसाने स्वतःचा शब्द पाळायला पायजम्यावर माझ्या बापाचं घर गाठलं, त्याच्यासमोर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

मी जिंकले तर मीही एकच गोष्ट मागणार होते. नोएडाला चला. मग त्यांना यावं लागलं असतं, कोण म्हणून ते नंतर भांडून ठरवलं असतं.

तर एका बाजूला ते, एका बाजूला हे, आणि मध्ये तिसरा, सगळ्यात सोपा रस्ता: पानं खाली ठेवायची. तीन तपकिरी बटणं जातील. सोमवारी पेन्सिलच्या नावावर पेन फिरवायचं.

मी पानांचा विचार केला. एक पान बदलणारा माणूस काय धरून असतो? एक तर चार पानं एका रंगाची किंवा ओळीने असतात आणि तो पाचव्याची वाट बघत असतो. ते आलं तरी माझं फुल हाउस त्याच्या वर. नाही आलं तर तो थाप मारतोय. नाहीतर मग त्याच्याकडे दोन जोड्या असतात. त्यातली एक तिप्पट झाली, आणि तेही राजे किंवा एक्के असतील, तरच मी हरते. बाकी सगळीकडे मी जिंकते. कुणीही शहाण्या माणसाने सांगितलं असतं, लाव बाई. पण शहाण्या माणसाच्या डब्यात तळाशी ते पितळी बटण नसतं. डबा उलटा करायचा म्हणजे तेही पडणार.

मला पानांची भीती नव्हती. हरले तर पुढच्या महिन्यात निजामुद्दीन स्टेशनावर उभी राहून मी या म्हाताऱ्याला हात करणार, आणि मग विश्वासच्या गोवरावरून भांडायला मला कुणी उरणार नाही, याची भीती होती. हे मी त्या खाटेवर बसून स्वतःशी अगदी स्पष्ट बोलले. आणि मग हेही बोलले की मी आठ महिने एका चांगल्या माणसाला चहा करायला लावतेय, कारण मला हरायचं नाहीये.

तेवढ्यात अण्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसायला लागले.

सासूने सुनेला द्यायच्या गोष्टी असतात, पाटल्या, गोठ. मला सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात एक गोष्ट दिली, कानात. "हे थापा मारतात ना, तेव्हा चष्मा पुसतात. विश्वासला सांगू नकोस, तो पोटात ठेवणार नाही." मी नाहीच सांगितलं. वीस वर्षं त्या एका गोष्टीवर मी अण्णांकडून कितीतरी बटणं घेतली आहेत आणि त्यांना अजून पत्ता नाही. नोव्हेंबरात त्यांनी चष्मा पुसला नव्हता. नाताळलाही नाही. आज पुसत होते, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत होते.

म्हणजे थाप. पाचवं पान आलं नव्हतं, हातात काही नव्हतं. माझी दोन वेळची भीती बघून आज नुसत्या धाकावर डबा उलटा केला होता.

मी डबा उचलला. तरी हात एकदा थांबला. मग मी तो उलटा केला. पांढरी, तपकिरी सगळी घरंगळली, आणि शेवटी ते पितळी बटण पडलं, खाटेच्या सुंभात अडकलं. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. आत आलं ठेचायचं थांबलं होतं.

मी पानं उघडी मांडली. तीन राण्या, दोन सत्त्या. आवाजात जोर आणायचा प्रयत्न करत म्हटलं, "दाखवा."

अण्णांनी चष्मा घातला. एकेक पान ठेवलं, घाई न करता. इस्पिकची अठ्ठी. चौकटची अठ्ठी. किलवरची अठ्ठी. मी तोवर श्वास घेत होते. मग बदामची अठ्ठी. पाचवं पान कसलं तरी होतं, ते कुणीच पाहिलं नाही.

चार अठ्ठ्या. चार सारखी म्हणजे फुल हाउसच्याही वर. मीच वाटलेल्या. आणि चार सारखी हातात असताना पाचवं पान उगाच बदलायचं, म्हणजे समोरच्याला वाटतं बिचारा अजून वाट बघतोय, ही युक्ती त्यांनीच मला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात याच अंगणात शिकवली होती. मी ती साफ विसरले होते.

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही. गुणवंत दारात येऊन उभे राहिले, हातात गाळणी, आणि पुढे यावं की आत जावं त्यांना कळेना. मी पटकन म्हटलं, "मागा. मागून टाका एकदाचं. सातारा ना?"

अण्णा बटणांचा ढीग बोटाने इकडून तिकडे करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तू जाशील तिथे मला घेऊन चल."

मी ऐकलं, पण कळायला वेळ लागला. त्यांना वाटलं मला पसंत नाही, म्हणून ते घाईघाईने पुढे सांगू लागले. खाट हीच घ्यायची. रविवारचे पत्ते बंद होणार नाहीत. नोएडाला मंडई कुठे आहे ते त्यांना माहीत नाही, पण रोजची भाजी तेच आणणार, त्यात कुणी मध्ये पडायचं नाही. सकाळचं ऊन खरंच येतं का ते आधी येऊन बघणार.

माझं रडू तिथल्या तिथे थांबलं आणि डोकं फिरलं. मी म्हटलं, "आठ महिने मी हेच सांगतेय. मी सांगितलं, यांनी सांगितलं. तेव्हा का नाही म्हणालात?"

"तेव्हा तू बोलावत होतीस," अण्णा म्हणाले. "बोलावलेला माणूस पाहुणा असतो, अहिल्या. चार दिवसांनी त्यालाच स्वतःचं ओझं वाटायला लागतं. जिंकून मागितलं की ते आपलं होतं. मी आठ महिने चांगल्या पानांची वाट बघतोय. दोनदा आली, तर तू टाकून मोकळी."

मला हसावं की त्यांना बदडावं कळेना. नोव्हेंबरात आणि नाताळला मी घाबरून ज्याच्यापासून पळाले ते हे होतं. दोन वेळा हा माणूस माझ्याबरोबर यायला निघाला होता आणि दोन्ही वेळा मी पानं खाली ठेवून त्याला परत पाठवलं होतं.

मग मला आठवलं. मी विचारलं, "पण तुम्ही चष्मा पुसलात."

"पुसला. मग?"

"पानं एवढी चांगली होती तर कशाला पुसलात?"

ते गोंधळले. सासूबाईंचं गुपित मी असं उघड्यावर आणलं हे माझ्या नंतर लक्षात आलं, पण त्यांच्या ते डोक्यातही नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून उन्हात डोळ्यांना पाणी येतं, असं काहीतरी ते पुटपुटले. ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. ऊन त्यांच्या पाठीशी होतं.

सासूबाई, तुम्ही सांगितलेलं सगळं खरं होतं, फक्त अर्धं होतं. काही मागायची वेळ आली तरी ते चष्मा पुसतात; नोव्हेंबरात आणि नाताळला मी लगेच पानं टाकून ती वेळच येऊ दिली नव्हती. तुम्हाला ते कळायचं कारणच नव्हतं, त्यांनी तुमच्याकडे लाडवांपलीकडे कधी काही मागितलं नाही.

गुणवंत अजून दारातच होते. कान असे लाल की त्यांना काही विचारायची गरज राहिली नाही. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं की चहा उकळून चाललाय तो कुणी बघणार आहे का, की नोएडालाही असंच चालतं. गुणवंत आत पळाले. भांडं आपटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मला वाटतं तेही आत उभं राहून डोळे पुसत होते, पण मी विचारलेलं नाही.

अण्णा बटणं डब्यात भरू लागले. जिंकणाऱ्याची सगळी, हा नियमच आहे. पांढरी भरली, तपकिरी भरली. सुंभात अडकलेलं पितळी बटण त्यांनी नखाने सोडवलं, अंगठ्याने घासलं, आणि डब्यात न टाकता सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"हे आता माझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "नऊ वर्षं तू सांभाळलंस, पुष्कळ झालं."

मी मान हलवली.  गोवर आला तेव्हा तो पाच वर्षांचा होता हे मला त्या क्षणी मान्य करायला हरकत नव्हती, पण मी तेवढी वाहवले नाही.

चहा आला. तीन कप, अण्णांच्या कपात गोळी आधीच टाकलेली. गुणवंत खाटेच्या कडेला बसले, आमच्या दोघांपासून सारख्या अंतरावर, जणू चुकून कुणाच्या जवळ बसलो असं व्हायला नको. मी आत जाऊन तो फॉर्म आणला आणि पेन्सिलने लिहिलेलं नाव त्यांच्यासमोर खोडरबराने पुसलं. क्वार्टर नको, एवढंच लिहायचं होतं. गुणवंतांनी खिशातून पेन काढून दिलं. त्यांच्या हाताला माझा हात लागला, अण्णा दुसरीकडे बघू लागले.

चहा निम्मा झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू जिंकली असतीस तर काय मागणार होतीस?"

"हेच," मी म्हटलं. "नोएडाला चला म्हणून."

अण्णांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला आणि धोतराचं टोक शोधून पुसत बसले. हातात या वेळी पानं नव्हती.